मत ओळखणारी मेणबत्ती

सरपंचाच्या निवडणुकीच्या त्या रविवारी आमच्या गोर्ना लिपा गावच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेत पडद्याआड मत टाकायचं आणि तसंच समोरच्या चर्चमध्ये येऊन गावाची रक्षणकर्ती संत नेदेल्येच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, अशी बंधू पांतेलेयची आज्ञा होती. हा बंधू कुठल्या मठातला, ते कुणी विचारलं नव्हतं. दाढी कमरेपर्यंत असली की आमच्या गावात एवढी चौकशी करत नाहीत.

"संतापुढे कसला आलाय पडदा, लेकरांनो!" पांतेलेय गरजत होता. "गावच्या बापाला मत दिलंत, तर ज्योत तेवेल. पाप केलंत, तर विझेल!"

गावचा बाप म्हणजे गांचो. सोळा वर्षं सरपंच. दाराशी मेणबत्त्या विकायला बसली होती ती झ्लातका, गांचोची मेहुणी. संताचंही सगळं घरातल्या घरातच होतं म्हणायचं.

आणि खरंच, ज्योती विझल्या! चार बोटं जळायच्या आणि गप्प. दहा जणांच्या विझल्या. प्रत्येक वेळी बायका छातीवर क्रूस काढून दोन पावलं मागे सरत. नववी विझली ती बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या त्सोनाची.

अकरावी माझी.

मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. चारचौघांत बोलायचं झालं तर मला आधी घाम फुटतो आणि मग शब्द. मी मान खाली घालून घरी गेलो.

त्या दिवशी कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, म्हणून पुढच्या रविवारी दुसरी फेरी ठरली. पांतेलेयनं फर्मान काढलं: विझलेल्या अकरा जणांनी शनिवारी दुपारी चर्चच्या अंगणात यावं, तसबिरीचं चुंबन घ्यावं आणि उद्या गांचोलाच मत देऊ, असं मोठ्यानं कबूल करावं.

त्सोना करारपत्र घेऊन गांचोकडे गेली. तिचं काम महिनाअखेर संपत होतं, सही त्याची हवी होती.

"मी कुणाला मत विचारतो का, त्सोना?" गांचो म्हणाला. "विचारणं कायद्यात बसत नाही. आता संत आपणहून सांगते, त्याला मी काय करू? शनिवारी ये. मग बघू सहीचं."

ती तिथून थेट वाचनालयात आली आणि हे सगळं सांगून बसली. "काका, राज्यघटना आहे का हो तुमच्याकडे?"

होती. पंधरा वर्षांत कुणी नेली नव्हती. मी धूळ झटकून दहावं कलम दाखवलं: मतदान गुप्त.

"म्हणजे मी कुणाला दिलं ते मी आणि पेटी जाणे," ती म्हणाली. "मग ही संत मधे कशाला तोंड घालते?"

मला एक गोष्ट माहीत होती, ती जिभेवर येत नव्हती.

शनिवारी अंगण भरलं. पहिलंच नाव त्सोनाचं. ती जागची हलली नाही.

"बोल, कुणाला दिलं होतंस?" पांतेलेय म्हणाला.

"नाही सांगत."

"मेणबत्तीनं सांगितलंय!"

"मेणबत्ती खोटं बोलते," कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता, हे मला जरा उशिरा कळलं. सगळे वळले. "मी... मी गांचोला मत दिलं होतं. वाचनालयाच्या शेगडीचं लाकूड ग्रामपंचायत देते ना. घाबरलो. तरी माझी विझली."

अंगणात हशा पिकला. गांचोलाही कळेना, आनंद मानावा की राग.

"पुरावा?" पांतेलेय गुरगुरला.

पुरावा कुठला असणार? मत गुप्त. माझी लाज चव्हाट्यावर आली आणि उपयोग शून्य. आता खाली बसावं, असं वाटलं. पण आणखी एक आठवलं.

"झ्लातकानं माझी मेणबत्ती वाकून, खालच्या खणातून काढून दिली. मला वाटलं, म्हाताऱ्याला मान देऊन ताजी देतेय."

"मलाही खालचीच!" एक जण ओरडला. "मलाही!" दुसरा. दोघांनीही गांचोला हव्या असलेल्या टेकडीवरच्या दगडखाणीविरुद्धच्या अर्जावर सही केली होती. अर्ज सह्यांसाठी माझ्याच टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही खालची.

त्सोना तरातरा दाराशी झ्लातकाच्या टेबलाकडे गेली, खालचा खण ओढला आणि एक मेणबत्ती उचलून पेटवली.

"धरा, सरपंच. तुमचं मत तर तुम्हालाच ना?"

"हा काय पोरकटपणा?"

"धरा की!" गर्दीतून आवाज आला. "तुम्हाला कसली भीती?"

गांचोनं धरली. चार बोटं जळली. विझली.

"अरेरे," त्सोना म्हणाली, "गावच्या बापानंही पाप केलं वाटतं!"

मग तिनं ती मेणबत्ती त्याच्या हातून घेतली आणि कट्कन मोडली. वात चार बोटंच होती, ती जळून गेली; खाली नुसतं मेण. खणातल्या आणखी सहा मोडल्या, सगळ्या तशाच. झ्लातका रुमालानं डोळे पुसत म्हणाली, "मला भाऊजींनी यादी दिली होती." पांतेलेय मागच्या फाटकातून केव्हा गेला, कुणी पाहिलं नाही. त्याच्यासाठी मेणबत्ती मात्र कुणी लावली नाही.

त्सोनानं पिशवीतून करारपत्र काढून गांचोच्या पोटाशी धरलं. एवढ्या साक्षीदारांपुढे त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी गांचो एकोणीस मतांनी पडला. विरुद्ध मतं कुणी दिली, याची यादी आता कुणाकडेही नाही, आणि पडदा लावतात तो त्याचसाठी. तुमचं मत ओळखण्याचा दावा कुणी केला, तर त्याच्या पाया पडू नका; त्याच्या हातातली मेणबत्ती मोडून बघा. तो चमत्कार करत नसतो, तुमचा हक्क चोरत असतो.

रविवारी मी कुणाला मत दिलं? ते मात्र या वेळी सांगणार नाही.