मोतीबिंदूचा भाव

“इन्शुरन्स आहे का, अंकल?” डोळ्यांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“आधी मोतीबिंदूचा भाव सांग, बाळ. बायकोच्या डोळ्यात आहे.”

“इन्शुरन्सवरच भाव ठरतो ना. सरकारी कार्डाचा वेगळा, कंपनीचा वेगळा, कॅशचा वेगळा.”

मल्हाररावांना गंमत वाटली. चिकपेटेत कापड विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाइकाचा खिसा बघून भाव सांगणारे त्यांनी पुष्कळ पाहिले, पण असं तोंडावर कबूल करणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी पेठेतली हुकमी चाल खेळली. “सरी, बरंय, बघतो,” म्हणत ते उठले आणि सावकाश पायऱ्या उतरू लागले. पेठेत गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवर पोचलं की मागून हाक येतेच, “या अण्णा, बसा.” इथं कुणी हाक मारली नाही. त्याआधी राजाजीनगरातल्या दवाखान्यातही मारली नव्हती.

“माझं सरकारी कार्ड आहे की,” घरी मथुराबाई म्हणाल्या.

“फुकटचं कापड मापात कमी भरतं. ज्याला पैसे दिले नाहीत, त्याला जाब कसा विचारणार? चार दुकानं शेजारी असली की भाव आपोआप उतरतो. स्वल्प थांब.”

“गिऱ्हाईक थांबेल हो. डोळा कसा थांबेल?”

मल्हारराव दुसऱ्या दिवशी आणखी एका दवाखान्यात भाव विचारून आले.

एके काळी साडीला ब्लाउजपीस जुळवावा तर मथुराबाईंनीच. आता त्या मोरपंखी आणि काळ्यात घोटाळा करत, तेव्हा मल्हारराव कापड उजेडात धरून त्यांना रंग सांगत. पण भाव ठरल्याशिवाय ठाण फाडायचं त्यांच्या हातून होईना. मध्ये बाई जयनगरला अक्काकडे महिनाभर राहून आल्या. यांचा शोध चालूच होता.

अखेर बसवनगुडीत एक छोटा दवाखाना सापडला. दारातच पाटी होती: कार्ड असो, नसो, भाव एकच. मल्हाररावांनी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन आले.

डॉक्टर कौशल्यांनी उजव्या डोळ्यात बघितलं. “हा डोळा तर ऑपरेशन करून झालाय की, आजी. छान केलाय. कुठं केलात?”

“सरकारी कार्डावर. अक्काकडे होते तेव्हा.”

मल्हाररावांना आठवलं. गेल्याच आठवड्यात ती उंबऱ्यातून म्हणाली होती, “तो मोरपंखी नाही हो, रामा कलर आहे.” अंदाजानं म्हणाली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही एवढे हिंडत होता. कुठल्या तोंडानं सांगू?”

त्यांना फार लागलं. ते उठले आणि पायऱ्या उतरू लागले. या वेळी त्यात चाल नव्हती. तरी शेवटच्या पायरीवर पाय सवयीनं थबकला.

“अहो, या, बसा,” मागून हाक आली. मथुराबाई दारात उभ्या होत्या. “डावा राहिलाय अजून. त्याचा भाव तुम्ही ठरवलाय ना? तो इथंच करू. मग सांगते, कुठल्यानं चांगलं दिसतं ते.”

मल्हारराव वळले.

“आणि सदऱ्याला दुसऱ्याच रंगाचं बटण लावलंय,” त्या वरूनच म्हणाल्या. “तुम्हीच शिवलंत ना?”

बटणावर हात ठेवून मल्हारराव पायऱ्या चढू लागले.