सदफ मॅडमची रजा

लोधिवलीच्या इंदूबाई ठोंबरे ऑफिसांना झाडांच्या कुंड्या भाड्याने देतात. रसायनीतल्या दोन कंपन्या, खालापूरकडचं एक रिसॉर्ट आणि कर्जतची एक पतपेढी, एवढी त्यांची गिऱ्हाइकं. नवरा सहदेव टेंपो चालवतात. इंदूबाई ताज्या कुंड्या मांडतात आणि एसीत कोमेजलेली झाडं आठवडाभरासाठी आपल्या नर्सरीत परत आणतात. गेटवरच्या वॉचमनने विचारलं तर सांगतात, "म्हायेरी नेतंय."

मेलचं काम त्यांची मुलगी माधवी करायची. फेब्रुवारीत तिला पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली. तिथे फोन गेटवरच जमा करावा लागायचा. म्हणून जाण्याआधी तिने आईला दोन गोष्टी शिकवल्या. इंग्रजी मेल कुठे दाबला की मराठीत दिसतो ते, आणि माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोललं की फोन आपणहून कसा लिहितो ते.

"मी आपली हाय-नाय बोलतंय, आन ह्यो आहे-नाही लिवतो," इंदूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तुज्यापरीस जास्ती शिकलाय त्यो," सहदेव म्हणाले.

मार्चच्या सुरुवातीला रसायनीच्या मोठ्या कंपनीचा मेल आला. तिथले जुने साहेब निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी सदफ धनसे नावाच्या मॅडम आल्या होत्या. इंदूबाईंनी त्यांना अजून पाहिलं नव्हतं. मॅडमनी विचारलं होतं, एप्रिलपासून वर्षभर काम कराल का? कुठे किती कुंड्या लागतील? पंधरा तारखेच्या आत कळवा.

इंदूबाई दोन फेऱ्यांमध्ये सगळे मजले फिरल्या. आठ तारखेला चौकच्या पेट्रोल पंपावर टेंपो रांगेत उभा असताना त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि सगळं सांगून टाकलं. रिसेप्शनला अरेका पाम, जिन्यात स्नेक प्लांट, कॅन्टीनपाशी मनीप्लांट, काम आम्हीच करणार, नमस्कार. आणि पाठवलं.

पुढची गाडी हलायच्या आत उत्तर आलं. त्यांनी ते मराठीत करून वाचलं. 'तुमच्या मेलबद्दल धन्यवाद. मी वीस तारखेपर्यंत रजेवर आहे. परत आल्यावर उत्तर देईन.'

"बगा तुमी!" इंदूबाई हरखल्या. "रजेवर हाय बिचारी, तरी लगोलग उत्तर धाडलंन. आशी मानसं ऱ्हायली कुटं?"

"रजा कशापायी घेतली?"

तेही विचारणं भाग होतं. इंदूबाईंनी विचारलं, 'तब्येत बरी आहे ना?' क्षणात उत्तर आलं. तेच, अक्षर न् अक्षर.

त्यांचा चेहरा उतरला. "तब्येतीचं नावच काढत नाय. म्हंजे कायतरी हाय."

दुसऱ्या दिवशी खालापूरला रिसॉर्टच्या मागच्या दाराशी कुंड्या उतरवून होताच त्यांनी पुन्हा लिहिलं. 'बाई, तू आराम कर. फोन लांब ठेव. ह्या मेलला उत्तर देऊ नको.'

उत्तर आलंच.

"ऐकत नाय पोरगी!"

मग रोजचंच झालं. मॅडमला ऑफिसची काळजी लागून राहिली असेल, तिकडचं कानावर घातलं की तिला बरं वाटेल, असं इंदूबाईंच्या मनाने घेतलं. कर्जतला पतपेढीच्या पायरीवर बसून त्यांनी कळवलं की तुमच्या कंपनीत दुसऱ्या मजल्यावरच्या पामच्या मातीला चहाचा वास येतोय, कुणीतरी रोज उरलेला कप तिथे ओततंय. पुढच्या फेरीला कळवलं की चोर सापडला नाही, पण आता मातीला आल्याच्या चहाचा वास येतो. एकदा लिहिलं, रात्री झोप येत नसेल तर तळपायाला खोबरेल चोळ. चौदा तारखेला टेंपो रेल्वेच्या फाटकापाशी थांबला. इंदूबाई म्हणाल्या, "मीटिंगच्या खोलीचं सांगूनच टाकते."

"काय सांगतेस?"

"तितं खिडकी नाय. चार कुंड्या ठेवतो आपन, चारी मरतात. तितं झाडंच नको म्हनून सांगते."

"अगं, आपल्याच पायावं धोंडा! चार कुंड्या कमी व्हतील."

"आवं, झाडं मरतात ना पन." आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. सहदेव फाटकाकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी माधवी घरी आली. आईने मोठ्या हौसेने फोन तिच्या हातात दिला. माधवीने वरून खाली वाचलं. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती हसून हसून ओट्यावर वाकली.

"आई, अगं ही उत्तरं मॅडमनी लिहिलेली नाहीत! रजेवर जाताना एकदा सांगून ठेवायचं, मग कुणाचाही मेल आला की कंपनीचं मशीनच उत्तर पाठवतं. त्यांच्याकडे प्रत्येक मेलला पाठवत असेल."

इंदूबाईंनी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. "म्हंजे मी मशीनला खोबरेल लावाया सांगितलं?"

सहदेवही हसायला लागले होते, पण बायकोचे कान लाल झालेले पाहून ते पाणी प्यायला उठले. संध्याकाळी इंदूबाई म्हणाल्या, "ती येईल, सगळं एकदम वाचील. येडी म्हनंल मला. काम तर गेलंच."

वीस तारखेला रसायनीची फेरी होती. "आज तुमीच कुंड्या उतरवा, मी गाडीत बसतंय," असं त्यांनी निघतानाच सांगितलं. महामार्गावर येतात न येतात तोच फोनवर मेल आल्याची घंटी वाजली. सदफ धनसे. इंदूबाईंनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

सहदेवांनी टेंपो बाजूला घेतला. "वाच. मशीन आसंल तर मशीन."

या वेळी भाषांतर करावं लागलं नाही. मेल मराठीतच होता.

'इंदूमावशी, सलाम. माझी तब्येत ठणठणीत आहे. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून रजा घेतली. हॉस्पिटलात फोनवर फक्त तुमचे मेल वाचत होते. पहिला मोठ्याने वाचला, तेव्हापासून रोज दुपारी अम्मी विचारायची, कुंडीवालीचं आलं का? चहा ओतणारा सापडला का? व्यायाम करायला ती तयार नसायची, तर मी सांगायचे, दहा पावलं चाल, मग वाचून दाखवते. एक दिवस तुम्हाला खरं उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तेवढ्यात डॉक्टर आले. माफ करा. वर्षभराचं काम तुमचंच. मीटिंगरूममधल्या कुंड्या काढा. बसची वाट बघत कामगार बाहेर उन्हात उभे असतात, तिथे मोठी झाडं ठेवता येतील का? आणि अम्मीला तुम्हाला भेटायचं आहे.'

इंदूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि लगेच भानावर आल्या. "उन्हात पाम नाय टिकनार. चाफा ठेवू. चला, काय थांबलाय? उशीर झालाय."

पुढच्या रविवारी दोघं मोहोपाड्याला सदफच्या घरी गेले. अम्मी, म्हणजे अख्तरुन्निसा, वॉकर धरून दारातच उभ्या होत्या. सदफ वाटली होती त्याहून लहान निघाली, जेमतेम पंचविशीची. चहा झाला, घावन झाले. दोघी बायका गुडघ्यांवर इतकं बोलल्या की सदफने आणि सहदेवांनी खिडकीतून टेंपोकडे बघत बसणं पत्करलं.

"टेंपोत झाडं हायत?" अम्मींनी मध्येच विचारलं.

"हायत ना. एक तुमाला आनलंय, वर घेऊन येते."

"मीच येते."

"अम्मी, डॉक्टरांनी बिल्डिंगच्या खाली जायला नको सांगितलंय," सदफ म्हणाली. तोवर अम्मी लिफ्टपाशी पोहोचल्या होत्या.

खाली सहदेवांनी टेंपोचा मागचा फाळका उघडला. इंदूबाईंनी नीटनेटकी, छोटी मनीप्लांटची कुंडी पुढे केली. अम्मींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मागे कोपऱ्यात माणसाएवढा रबर प्लांट होता, त्याच्याकडे त्यांनी वॉकरवरचा एक हात उचलून बोट दाखवलं.

"त्यो तुमच्या गॅलरीत मावनार नाय, बाई. छपराला लागंल."

"लागू दे."

"ऊन बी कमी पडंल त्याला."

"मग तू येशीलच ना बघायला?"

इंदूबाईंनी सहदेवांकडे पाहिलं. सहदेवांनी मुकाट्याने बाह्या वर सारल्या आणि रबर प्लांट उतरवायला घेतला.