पन्नास ओहमचा रिओस्टॅट

"माय, हा चालते," म्हणत नरेंद्रनं रेडिओच्या आवाजाचं जुनं बटण माझ्यापुढे धरलं.

"कोळशाचा हाये, जयून जाईन. पंख्याच्या मोटरीले तारेचा लागते."

"तू इंजिनेर कधी झाली?"

"तुह्या बाबाच्या हातात चाळीस वर्षं सामान देल्लं. तू तवा गोट्या खेळत होता."

अकोल्याकडच्या मालेगावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत नरेंद्रचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पूर्वी तिथे माझे मालक, नरेंद्रचे बाबा देवमन, रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचं सामान अजून बिस्किटांच्या डब्यांत आहे.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आदल्या दिवशी नरेंद्रनं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, माइक सुरू करून दिला आणि तो बाहेर गेला. मला काहीच ठाऊक नव्हतं. ऑपरेशनसाठी अकोल्याला गेलेले माझे मालक परत आलेच नाहीत.

पाच वर्षं मला ते रेकॉर्डिंग ऐकायचा धीर झाला नाही. धीर झाला तोवर मशीन म्हातारं झालेलं, त्याच्यातला पंखा पिठाच्या चक्कीसारखा घरघरत होता. दुकान नीट चालव, आसेगावच्या गुरुजींचा रेडिओ पोचवून दे, असं यांचं बोलणं कळायचं. शेवटी मला "वच्छला" म्हणायचे, आवाज खाली यायचा आणि पुढचं सगळं पंख्यात बुडायचं.

मला ते पुढचं हवं होतं.

पंखा बंद केला तर मशीनच बंद पडायचं. मोबाइलवर कानात बुचं घालून ऐक, असं दुकानात येणारी पोरं म्हणायची, पण मला ते बोलले त्याच जागी बसून ऐकायचं होतं. पंख्याला रिओस्टॅट, म्हणजे वेग कमी-जास्त करायचं बटण, लावून तो हळू कर, असं मीच नरेंद्रला सुचवलं. चार महिने तो आज करू, उद्या करू म्हणत राहिला. शेवटी मीच डबे काढून बसले.

तारेचे दोन रिओस्टॅट सापडले. पाचशे ओहमचा लावला, तर जरा फिरवताच पंखा थांबला.

"पन्नासचा घे. पहिले पुरा जोर दे, मंग कमी कर. एकदम कमी देशीन त उठनच नाही."

"तुह्या गुडघ्यावानी."

"हो, माह्या गुडघ्यावानी."

त्यानं कावीया तापवून तारांना कथलाचा डाग दिला, मशीन सुरू केलं आणि बटण हळूहळू फिरवलं. घरघर उतरत गेली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

"लावू?" त्यानं विचारलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"लाव."

दुकानाचं झालं, गुरुजींच्या रेडिओचं झालं. मग ते खाकरले.

"वच्छला," ते म्हणाले. त्यांनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. "तुले एक सांगाचं रायलं..."

तेवढ्यात लांब आतून एक बाई ओरडली, "अवो, कोनासंगं बोलून राह्यले? चहा थंडा होऊन राह्यला. कितीक डाव गरम करू?"

तो माझाच आवाज होता, सात वर्षांपूर्वीचा.

"आलो," ते म्हणाले. खुर्ची सरकली.

मी नरेंद्रकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बाबा गेले त्या हप्त्यापासून. मोबाइलवर आयकलं होतं." तो गरम कावीया फडक्यानं पुसत राहिला. "मले वाटलं, तू थकून सोडून देशीन."

त्यानं रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं.

माइक बंद करायचा असतो, हे यांना माहीत नव्हतं. त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. पाट सरकला. कपातला चहा बशीत ओतल्याचा आवाज आला, फुंकर आली, भुरका आला. मग दुसरा भुरका, जरा हलका, माझा.

दोघं चहा पीत होतो.