आठ मार्चचा नवरदेव

तलासच्या खोऱ्यातल्या त्या गावात क्लबमधला सिनेमा बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. पण त्या शरदात क्लबच्या हॉलपुढे पुन्हा रांगा लागल्या. बायका राजमा खळ्यावर तसाच टाकून आल्या होत्या. म्हातारे टोप्या झटकून, मिशा सारख्या करून आले होते. आत, लाल पडद्यामागे, राजधानीहून आलेला मुनारबेक बसला होता, आणि तो म्हणे नुसत्या जन्मतारखेवरून माणूस उलगडून दाखवत होता.

पूर्वी हा गृहस्थ लग्नांत माइक धरून पाहुण्यांना हसवायचा. आवाज त्यामुळे कमावलेला होता. पांढऱ्या टोपीवर त्यानं चंदेरी दोऱ्यानं ग्रह भरून घेतले होते. "तारीख सांगा. बाकीचं तारीखच बोलेल," एवढंच तो म्हणायचा. मग रास यायची, खडा यायचा, झाड आणि पक्षी यायचे, आणि शेवटी इतिहास. याच तारखेला एका सम्राटानं नदी ओलांडली, म्हणून तुमच्याही आयुष्यात एक ओलांडणं आहे. कोणता सम्राट, कोणती नदी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निघताना तो बजावायचा: हे घरीदारी बोलायचं नाही, तोंडाबाहेर पडलं की ताऱ्याचा जोर ओसरतो. त्यामुळे माणसं ओठ मिटून, डोळे पुसत बाहेर यायची, आणि ते बघून रांग आणखी लांबायची. गावात ज्याच्या त्याच्या गळ्यात खडा लोंबू लागला होता.

शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी झानिल या सगळ्याकडे बघून हसत होती. पण एका दुपारी कानिशाय तिच्या दारात आली आणि तिचं हसणं संपलं.

कानिशाय तिची लहानपणापासूनची मैत्रीण. झानिलचा मुलगा एर्मेक आणि कानिशायची मुलगी मेरिम यांचं लग्न ठरलं होतं. झानिलनं वसंतातच मेरिमच्या कानांत चांदीची कर्णफुलं घातली होती, म्हणजे सोयरीक पक्की. तीच कर्णफुलं कानिशायनं रुमालात बांधून परत आणली होती.

ती उंबरठ्याच्या आत आली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, की मुनारबेकला दोन्ही तारखा दाखवल्या. मेरिमची सात नोव्हेंबर, वाघिणीची तारीख. एर्मेकची आठ मार्च. त्यावर पूर्ण चंद्राचा अंमल, झाड वेताचं, प्राणी मासा. शिवाय तो महिला दिन. त्या दिवशी जन्मलेला पुरुष बायकोच्या पदराआड बसतो, आणि वाघिणीशी गाठ पडली तर तिसरा हिवाळा बघत नाही.

"कानिशाय, तू त्याला ओळखतेस," झानिल म्हणाली. "तुझ्या अंगाखांद्यावर वाढलाय तो."

"म्हणूनच म्हणते. माझ्या मुलीच्या हातून तो मरायला नको."

ती गेली. एर्मेक गोठ्यात जाऊन घोडीचे खूर साफ करत बसला, आधीच साफ असलेले. मेरिमनं आईशी बोलणं टाकलं आहे, असं संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं.

जेवताना झानिलचा सासरा सातिबाल्दी मात्र खुशीत होता. ऐंशीच्या पुढच्या या म्हाताऱ्याला ताऱ्याच्या जोराची फिकीर नव्हती, त्यामुळे पडद्यामागे काय झालं ते त्यानं सुनेला हौसेनं सांगितलं. त्याची तारीख एक जानेवारी. त्या तारखेचा माणूस लाखात एखादा. बाहेरून दगड, आतून लोणी. सगळ्यांसाठी झटतो, पण त्याच्या कष्टांची किंमत कुणी केली नाही. जवळच्या एका माणसानं विश्वास मोडला.

"अगदी खरं बोलला गं," म्हातारा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

झानिलनं चहाची वाटी खाली ठेवली. सासऱ्याची तारीख कशी पडली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं शेजारच्या सारिबाय म्हाताऱ्याला विचारलं. तोही लाखात एखादा निघाला, बाहेरून दगड आणि आतून लोणी.

रविवारी मुनारबेकचा निरोपाचा कार्यक्रम होता. हॉल खच्चून भरला होता. उरलेले खडे निम्म्या किमतीत द्यायची घोषणा झाली, आणि तेवढ्यात झानिल उठली. तिनं आवाज चढवला नाही. वर्गात विचारावं तसं विचारलं, "एक जानेवारीचा माणूस किती दुर्मीळ असतो, उस्ताद?"

"लाखात एक, ताई," मुनारबेक छातीवर हात ठेवून म्हणाला. "तो गरुडाचा दिवस."

"ज्यांच्या पासपोर्टात एक जानेवारी आहे, त्यांनी जरा उभं राहावं."

आधी सातिबाल्दी उठला, मग सारिबाय. मग खुर्च्या करकरू लागल्या. पुढच्या रांगेतले जवळजवळ सगळे म्हातारे उठले, मागच्या भिंतीकडच्या म्हाताऱ्याही उठल्या. आपल्या शेजारचाही गरुडच आहे, हे बघून एकेकाचा चेहरा पडत गेला.

गावाला हे कोडं नव्हतंच. त्या पिढीला जन्माचा दिवस कुणी नोंदवून ठेवला नव्हता. पुढं कधीतरी तालुक्याच्या कारकुनानं वयं अंदाजानं धरली आणि सगळ्यांना एकच तारीख ठोकून दिली. हे सर्वांना माहीत होतं. फक्त पडद्यामागे बसल्यावर कुणाला आठवलं नव्हतं.

"मी तर कोकरं होतात त्या दिवसांत जन्मलो," सारिबाय पुटपुटला.

"मी बर्फाचा कडा कोसळला तेव्हा," दुसरा म्हणाला.

झानिलनं मग प्रत्येकाला काय सांगितलं गेलं ते विचारलं. दगड आणि लोणी इतक्या तोंडांतून निघालं, की बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. जूनमध्ये जन्मलेल्या बायकांनाही दगड आणि लोणीच मिळालं होतं. त्यांचा पक्षी तेवढा वेगळा होता.

मुनारबेक मुरलेला होता. तो शांतपणे हसला. "कागदावर तारीख उमटते तीसुद्धा नशिबानंच. तारे लिहिलेलं वाचतात."

"आमची तारीख ओस्मोन कारकुनानं लिहिली," सातिबाल्दी म्हणाला. "आणि लिहायच्या आधी त्यानं माझं मेंढरू खाल्लं."

हॉल हसला, पण झानिल हसली नाही. ती कानिशायकडे वळली. "एर्मेक कधी जन्मला ते तू सांग. माझ्यावर नको विश्वास ठेवू."

कानिशाय हळूच बोलू लागली. उन्हाळी कुरणावर, घोड्या दुभत्या होत्या तेव्हा. गवत गुडघ्याच्या वर होतं. दाई पोचली नाही म्हणून नाळ तिनंच कापली, लोकर कापायची कात्री उकळून. नोंद करायला एर्मेकचा बाप पुढच्या हिवाळ्यात खाली गेला. त्याला तारीख आठवेना, म्हणून भिंतीवर महिला दिनाचं चित्र होतं ते बघून त्यानं आठ मार्च सांगून टाकलं.

"मग तो मासा कुठून आला?" मागून कुणीतरी विचारलं. मुनारबेकनं खडे आवरायला घेतले. दोघीतिघींनी त्यातही खडे घेतले, स्वस्त पडतात म्हणून. सगळेच काही एका सकाळीत शहाणे होत नाहीत.

कानिशाय त्याच संध्याकाळी आली. या वेळी आत येऊन बसली. कर्णफुलं मेरिमनं आधीच एर्मेककडून मागून घेतली होती, त्यामुळे तो विषय निघाला नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"सगळं खोटं होतं हे कळलं. पण मग मला इतकं लागलं कसं? तो म्हणाला, तुम्ही एकट्यानं ओझं वाहता आणि कुणाला दिसत नाही. झानिल, नवरा रशियाला गेला त्याला तीन वर्षं झाली. एक फोन नाही. मला कुणी असं म्हटलंच नव्हतं."

झानिलनं तिची वाटी पुन्हा भरली आणि तिला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुझं दुःख खरं आहे. त्यानं ते ओळखलं नाही, नुसतं चाचपलं. ओझं कुणाला नसतं? यापुढे कुणी तुझ्याबद्दल असं काही सांगितलं की एवढंच विचार, हे कुणाला लागू पडत नाही? त्याला असा एक माणूस दाखवता आला नाही, तर त्यानं तुझ्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. आणि रडायचं असलं तर इथं ये. इथं खडा घ्यावा लागत नाही."