भालेवाल्याचं घड्याळ

...काच आहे. काचेवर उजेडाचा ठिपका, काळा पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चोपडलेली काजळी. तिने चित्र आणखी मोठं केलं तसं घड्याळ विरून नुसते करडे कण उरले. लहान केलं, पुन्हा घड्याळ. मनगट बापाचं. बाकी सगळं सिनेमावाल्यांचं : गवताचा घागरा, गळ्यातली हाडं, भाला, आणि गोऱ्या नायकाची होडी दिसली की विचकायचे ते दात.

जुने सिनेमे साफ करणं हे तिचं काम. ओरखडे, बुरशी, धूळ, फिल्मची चौकट न् चौकट पडद्यावर घेऊन पुसायची. पण हाच सिनेमा तिच्याकडे का यावा? खात्यात तिच्याहून जुनी चार माणसं आहेत. सकाळी साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले तेव्हाच तिला कळलं, पाणी मुरतंय.

"तुझे वडील ना गं हे? सुरुवातीला पाटी टाकू : त्यांच्याच लेकीने साफ केलेला सिनेमा."

"आणि?"

"आणि काही नाही. ते घड्याळ तेवढं पुसून टाक. रानटी माणसाच्या हातात घड्याळ, लोक हसतात."

"इतकी वर्षं हसलेच की."

"आता हसायचं नाहीये. आता आदराने बघायचंय."

आदराने! म्हणजे बापाच्या अंगावरची बापाची एकुलती एक वस्तू काढायची आणि उरलेल्या रानटी माणसाला लेकीच्या नावाने पावन करून घ्यायचं. नाही म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा पुसेल. पाच मिनिटांचं काम.

काढायला विसरला असेल घड्याळ, आई म्हणायची, विसरभोळाच तुझा बाप. शाळेत हा सिनेमा दाखवला, घड्याळ दिसलं आणि अख्खा वर्ग खिदळला — सगळ्यांत मोठ्याने मी. हा माझा बाप हे कुणाला कळू नये म्हणून मोठ्याने... घरी आले तर तो उंबऱ्यातच. "दिसलो का गं?" मी म्हटलं, "लक्ष नव्हतं." तो घड्याळाला किल्ली देत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

पण विसरेल कसा? कारखान्यात जाताना तो घड्याळ डबीत ठेवून जायचा. लग्नाला, नाहीतर कुणाला जाब विचारायला जायचं असेल तरच हातात... तिने चौकटी मागे फिरवल्या. किनाऱ्यावरची रांग, तोच भाला, तीच काजळी. डावं मनगट मोकळं. आणखी मागे — मोकळंच. मग नायकाचा चेहरा, आणि परत बाप, घड्याळासकट. भाला उजव्या हातात, डावा छातीशी असा धरलेला की तबकडी थेट कॅमेऱ्यासमोर.

मधे कधीतरी घातलं त्याने. की आधी दिसणारा तुकडाच नंतर कधीतरी काढून जोडलेला? की आपल्यालाच तसं हवंय, आता, इतक्या उशिरा, त्या खिदळण्याचं काहीतरी करायचं म्हणून?

"झालं का?" साहेब दारातून.

"बघतेय."

सकाळपासून तिचा संशय साहेबांवर होता. आता तो सरकत सरकत बापावर येऊन बसला : मुद्दाम घातलं त्याने. आणि तिला तो तिथून उठवावासा वाटेना. ते विचकलेले दात ती जन्मभर भालेवाल्याचे समजत आली होती, बाप हसत असेल असं कधी वाटलंच नाही... 'दिसलो का गं,' त्याने विचारलं होतं. भालेवाल्याबद्दल नव्हतं ते, बहुतेक.