बाबांचा वरचा ओठ

बाबांना बँडमध्ये सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंसुद्धा. ट्रम्पेट हातात नसला तरी माणूस आवाज करतच असायचा, जिना चढताना, दाढी करताना, भाजी निवडताना. आई म्हणायची, मी लग्न एका माणसाशी केलं, संसार अख्ख्या बँडशी झाला.

तर या भोंग्याच्या वरच्या जबड्यात, बरोबर समोरच्या दोन दातांच्या मुळाशी, एक पाण्याची गाठ निघाली. दुखलं नाही, खुपलं नाही, आणि कळलं तोवर तिने आजूबाजूचं हाड फस्त केलं होतं. गाठ काढली, तिच्याबरोबर ते दोन दात गेले, आणि करंगळीचं टोक मावेल एवढा खड्डा उरला. आता ट्रम्पेटचं तोंड टेकतं ते नेमकं तिथेच! काढता-घालता येणारे दात लावून बघितले, तर सुराच्या आधी दातच बाहेर यायला लागले. पक्के दात बसवायचे तर स्क्रू हवा, स्क्रूला हाड हवं, आणि हाडाचाच पत्ता नाही. हाड भरलं तर भोंगा, नाहीतर नुसते बाबा.

इथे धाकटी येते. धाकटी म्हणजे त्यांची लेक, आणि तिच्या प्रयोगशाळेत हाडातले खड्डे भरायचं सामानच बनतं. कशापासून, तर समुद्रफेनापासून. माकूल नावाच्या समुद्रातल्या जिवाच्या पाठीत असतं ते पांढरं, हलकं, साबणाच्या वडीसारखं. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला टांगतात ना, तेच. आतून ते म्हणजे मजल्यावर मजले चढवलेली इमारत, पातळ भिंती आणि मध्ये मोकळ्या खोल्या. धाकटी त्याचे तुकडे कापते, प्रेशर कुकरच्या थोरल्या बहिणीसारख्या भांड्यात रसायनाबरोबर शिजवते, आणि गंमत अशी की इमारत तशीच राहते, फक्त विटा बदलतात. चुन्याच्या जागी हाडाचा क्षार येतो. असा तुकडा खड्ड्यात बसवला की आपल्या पेशी भाडेकरूंसारख्या आत शिरतात, स्वतःचं हाड बांधतात, आणि जुनी इमारत हळूहळू विरघळून जाते.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे पोपटाचा खाऊ माझ्या तोंडात. पण तयार झाले. नियमाप्रमाणे त्यांचा तुकडा धाकटीने नाही, तिच्या मैत्रिणीने बनवला. धाकटी आपली दाराबाहेर घिरट्या घालत होती.

सर्जनबाईंनी एकच अट घातली, फुंकायचं नाही. ओल्या सिमेंटमधली वीट हलवली तर भिंत धरेल का, तसंच हे. तुकडा हलला की हाडाऐवजी नुसता चिवट पडदा तयार होतो. बाबांनी ट्रम्पेट कपाटावर ठेवून दिला आणि शब्द दिला. रोज संध्याकाळी मात्र गल्लीपलीकडच्या तालमीच्या हॉलमध्ये जाऊन बाकावर बसायचे, ऐकायला. ऐकण्यात कसलं आलंय नुकसान?

आणि तपासणीच्या दिवशी सर्जनबाईंनी सळईच्या टोकाने जरा दाबलं, तर तुकडा डुगडुगला. एक्स-रेच्या फोटोत त्याच्याभोवती काळी रेघ, म्हणजे हाड धरलंच नव्हतं. काढावाच लागला. बाई म्हणाल्या, आणखी एकदा करता येईल, पण बाहेरची हाडाची भिंत आता कागदासारखी झाली आहे. तिसऱ्यांदा कोणीच हात लावणार नाही.

घरी आल्यावर धाकटीला राहवेना.

"बाबा, खरं सांगा. वाजवलंत ना?"

"नाही."

"मग तुकडा काय पाय फुटून चालत गेला?"

बाबा उठून गॅलरीत गेले. आईने कपाटावरच्या ट्रम्पेटच्या पेटीवरची धूळ दाखवली, तरी हिचा विश्वास बसेना. बँडमधल्या ड्रमवाल्या काकांना जाऊन विचारलं, तर ते असे फुरंगटले की बस. बापावर पाळत ठेवतेस का, म्हणाले. मग ती स्वतःच्या कामावर उलटली. त्याच घाण्यातले उरलेले तुकडे परत तपासले, भिंती, खोल्या, क्षार, सगळं बरोबर. तेच तुकडे बसवलेल्या बाकीच्या लोकांचं हाड छान धरलेलं. म्हणजे एकतर बाप खोटं बोलतोय किंवा आपल्याला काहीतरी दिसत नाहीये, आणि यातलं काय जास्त वाईट, हेच तिला ठरवता येईना.

दोन दिवसांनी ती त्यांना बोलवायला हॉलवर गेली. तालीम रंगात आली होती. बाबा बाकावर, हात गुडघ्यावर, तीन बोटं ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी हलतायत. ते तर ती लहानपणापासून बघत आली होती. पण या वेळी तिने बोटांवरून नजर उचलली आणि चेहऱ्याकडे बघितलं. सूर वर चढला तसा बाबांचा वरचा ओठ ताणला गेला, दातांच्या जागेवर घट्ट बसला, दोन्ही कोपरे दगडासारखे झाले. सूर उतरला, ओठ सैल. परत चढला, परत ताठ. ट्रम्पेट नाही, फुंकर नाही, पण ओठ अख्खा कार्यक्रम वाजवत होता. रोज. बरोबर टाक्यांवर. आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता, ते आपले मजेत ऐकत होते.

जिन्यात तिने आधी माफी मागितली, मग सांगितलं. बाबांना पटेना. तेव्हा तिने त्यांचंच बोट त्यांच्या ओठावर ठेवलं आणि मघाचीच धून गुणगुणायला लागली. वरच्या जागेवर आली तशी बाबांनी बोट झटकन काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्याच कोणाच्या ओठाला लागून आलंय.

"म्हणजे ऐकायचंही नाही?"

थोडं चालेल असं म्हणायचं तिच्या अगदी तोंडावर आलं होतं. "नाही," ती म्हणाली. "दुसरा तुकडा धरेपर्यंत नाही."

बाबा पायरीवर बसले. म्हणाले, "आयुष्यभर या ओठाला हेच शिकवलं गं मी. आता कुठल्या तोंडाने सांगू, की चुकलास?"

दुसरा तुकडा बसवल्यावर ते आत्याकडे राहायला गेले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आत्याकडे टीव्हीवर फक्त बातम्या, आणि बातम्यांच्या आधीची धून लागली की बाबा गॅलरीत. पण एकदा फोनवर म्हणाले, बाहेरचं बंद झालं गं, आतलं चालूच आहे, त्याचं काय करू? आता याला धाकटीच्या प्रयोगशाळेत कुठे औषध? उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. डोक्यात सूर सुरू झाला की बोलायला लागायचं, बोलता बोलता ओठाला वाजवायला सवड मिळत नाही. भाजीचे दर, शेजारचं कुत्रं, लहानपणची भांडणं, काहीही. आत्या धाकटीला म्हणाली, माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा माझ्याशी बोलतोय, जरा सावकाश बरं होऊ दे त्याला.

फोटोत या वेळी काळी रेघ नव्हती. स्क्रू बसवला, परत थांबले, आणि मग परीक्षेचा दिवस आला. सर्जनबाईंनी बाबांना आडवं केलं, गळ्यात कागदी लाळेरं अडकवलं, आणि स्टीलच्या दांडीने स्क्रूवर हलकेच टिचकी मारली. हाडाने धरलं नसेल तर बद्द आवाज येतो. टण्ण झालं. बारीक, स्वच्छ, उंच.

धाकटीने कितीतरी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली नवं हाड बघितलं होतं, जांभळं, रेघारेघांचं. ते ऐकलं मात्र नव्हतं कधी. आणि ऐकलं असतं तरी तिला काय कळलं असतं म्हणा. बाबांना कळलं होतं. ते डोळे मिटून निपचित पडले होते, तोंड तसंच उघडं.

"पुन्हा वाजवा," ते तोंड न मिटताच कसंबसं म्हणाले.

बाई हसल्या आणि त्यांनी पुन्हा वाजवलं.

मग दात कधी, माप कधी, ट्रम्पेटला किती दिवसांनी हात लावायचा, सगळं बाईंनी समजावलं. बाबांनी मान डोलावली. पण पुढचं त्यांनी बाईंना विचारलंच नाही, धाकटीकडे वळून विचारलं, "आज ऐकायला जाऊ?"

दुसरा कोणी पेशंट असता तर ती म्हणाली असती, आणखी आठवडाभर कळ काढा, उगीच धोका कशाला. वाक्य तयार होतं तिच्याकडे. पण बाबा खुर्चीतून उतरून, लाळेरं तसंच गळ्यात ठेवून, पार दारापाशी पोचलेसुद्धा होते.