चिठ्ठीतला तिसरा बिघाड

जगनने मोटरीच्या पाठीवर डावा तळवा टेकवला आणि उजवा हात हिरव्या बटणाकडे नेला, नेमकी तेव्हाच कमळाकर सरांनी खिशातली चिठ्ठी उघडली. चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. ओव्हरलोडची तार सैल. मधला फ्यूज उडालेला. आणि तिसरी: मोटरीची अर्थिंग काढली.

अक्षर त्यांचंच होतं. पण तिसरी ओळ आपण कधी लिहिली, हे त्यांना काही केल्या आठवेना.

रोह्याच्या त्या तंत्रशाळेत दर शनिवारी हा खेळ चाले. वर्ग भरायच्या आत सर पॅनलमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवत, चिठ्ठीवर लिहून खिशात टाकत आणि मग पोरांना शोधायला लावत. बावीस वर्षांत त्यांनी एवढे बिघाड केले होते की एखाद्या हाडवैऱ्यानेही केले नसते. पान्याला हात लावण्याआधी पंपाच्या मालकाला दोन प्रश्न विचारा, हा त्यांचा हेका. कधीपासून, हा पहिला. सारखं होतं का मधूनमधून, हा दुसरा. मालक नेहमी मधूनमधूनच म्हणतो, असं ते हसत सांगत. आपला पंप गेला हे स्वतःच्या तोंडाने कोण कबूल करील? आपण मान हलवायची आणि सारखं होतंय असं धरून कामाला लागायचं.

एक बिघाड मात्र त्यांनी चालू पॅनलवर कधीच ठेवला नव्हता. गळकी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार सोडायची ती मेन बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, आणि धडा संपला की लगेच आवळायची. त्यातून ही मोटर पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली भिजलेली. अर्थिंगशिवाय तिला हात लावला तर माणूस सुटणार नाही, हे त्यांनीच घसा कोरडा करून शिकवलं होतं. आणि आज मेनची किल्ली त्यांनीच, बोलता बोलता, जगनच्या हातात दिली होती.

सर खिडकीपाशी होते. मेन समोरच्या भिंतीवर, दहा पावलं दूर. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि पोराचं नावच येईना. गागोद्याचा, डाव्या भुवईवर खोक असलेला, डब्यात रोज वालाची उसळ आणणारा. सगळं आठवलं, नाव तेवढं नाही. घशातून नुसता वारा आला.

मोटर सुरू झाली.

जगनने बैलाला थोपटावं तशी ती थोपटली. पोरं हसली. दोन बिघाड काढले सर, आता तिसरा असला तरी सांगूच नका, असं काहीतरी तो म्हणत होता. सर भिंतीला धरून मेनपर्यंत गेले आणि त्यांनी दांडा खाली ओढला. मग सगळ्यांना चहाला पिटाळलं. अजून अर्धा तास आहे, असं कोणीतरी म्हणालं, तर ते त्याच्यावर उगाचच खेकसले.

वर्ग रिकामा झाल्यावर ते मोटरीशेजारी गुडघ्यांवर बसले. हिरवी तार जागच्या जागी होती. बोल्ट घट्ट होता आणि त्याच्या गंजावर पान्याचा ताजा ओरखडा होता.

मागे कोणीतरी उभं होतं. मालू, वर्गातली एकुलती एक मुलगी. निडीहून पहिल्या गाडीने यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची.

"तू लावलीस?"

"व्हय सर. तुमी सही करायला ऑफिसात गेलाव तवा."

"पहिल्यांदाच ना?"

"नाय. चौथ्यांदा."

म्हणजे आधीचे तीन शनिवार. त्या तिन्ही दिवशी सर पेणला घरी गेले होते, बायकोने, विमलबाईंनी, वाढलेलं पोटभर जेवले होते आणि तिला एका शब्दाने काही न सांगता गाढ झोपले होते. सांगण्यासारखं काही घडलंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना भीती वाटली, आणि ती विजेची नव्हती.

कोणाला बोललीस का, असं त्यांनी विचारलं. मालूने मान हलवून नाही म्हटलं. आधी खातरजमा करायची, मग बोलायचं, हे सरांनीच शिकवलं होतं, असं ती खाली बघत म्हणाली.

"कधीपासून?"

"गणपतीपासनं."

आता होळी चार दिवसांवर आली होती. आपलं विसरणं संक्रांतीपासूनचं, असा सरांचा हिशेब होता. गणपतीतला तो दिवस मात्र त्यांना लख्ख आठवला. रोह्याला जाता जाता ते निडीलाच उतरले होते आणि कुठे जायचं ते न कळून फलाटावर बसून राहिले होते. मालूने येऊन गाडी सुटतेय म्हणून सांगितलं, तेव्हा गावात काम होतं असं त्यांनी ठोकून दिलं होतं. पोरीला ते पटलं, अशी त्यांनी आजवर स्वतःची समजूत घातली होती.

बाहेर पोरांचे आवाज जवळ येऊ लागले. मालू त्यांच्यासमोर उकिडवी बसली. पान्याला हात लावण्याआधी मालकाशी जसं बोलायचं, तशा हलक्या आवाजात तिने विचारलं,

"सारखं होतं सर, का मधूनमधून?"

सरांनी चिठ्ठीची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"मधूनमधून," ते म्हणाले.

मालूने मान हलवली. मग उठून तिने मेनची पेटी बंद केली, किल्ली काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.